स्तोत्रसंहितेत प्रत्येक गोष्ट दोनदा का? काय वाचू?

वाचनवेडी:
मराठी बायबलमधली स्तोत्रं वाचतेय, कवितेच्या ओढीने. पण १९ वं स्तोत्र घ्या. आकाश देवाचा महिमा सांगतं म्हटलं, की लगेच अंतराळ त्याच्या हातचं काम दाखवतं. ना यमक, ना वृत्त, वर पुनरुक्ती! दहा स्तोत्रांत दमले. हिब्रू येत नाही. काही सुचवा.

जात्यावरची ओवी:
यमक शोधत बसू नका, इथे अर्थाला अर्थ जुळवलेला असतो. याला समांतरता म्हणतात. ऑक्सफर्डच्या रॉबर्ट लोथची हिब्रू काव्यावरची लॅटिन व्याख्यानं १७५३ मध्ये छापली गेली, त्यात तीन प्रकार आहेत: समानार्थी, विरोधी आणि तिसरा संयोगी. तिसरा म्हणजे पहिल्या दोहोंत न बसणाऱ्यांची अडगळीची खोली, असं माझं मत. लोथपासून सुरुवात नको.

रॉबर्ट ऑल्टरचं 'द आर्ट ऑफ बिब्लिकल पोएट्री' (१९८५) घ्या, निदान पहिलं प्रकरण. दुसरी ओळ पहिलीला पुढे ढकलते, हे त्यात छान उलगडलंय. बायबलमधल्याच 'शास्ते' या पुस्तकाच्या ५ व्या अध्यायात (शास्ते ५) दमलेला सेनापती सीसरा याएल नावाच्या बाईकडे पाणी मागतो. ती दूध देते, मग सरदारांना शोभेल अशा वाडग्यात दही आणते. पाहुणचार चढत जातो. आणि लगेच तिचा हात तंबूच्या मेखेकडे, उजवा हात कारागिराच्या हातोड्याकडे! पहिल्या ओळीत नुसता हात होता, दुसरीत उजवा झाला. पुढे काय होतं ते स्वतःच वाचा.

खडूफळा:
+१. जेम्स कुगेलचं 'द आयडिया ऑफ बिब्लिकल पोएट्री' (१९८१) हेही वाचा, पण नंतर, जड आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात: दुसरी ओळ म्हणजे 'आणि इतकंच काय'.

तुमच्या १९ व्या स्तोत्रात हिब्रू शब्दक्रम उलटतो. आकाश – सांगतं – महिमा. हातचं काम – दाखवतं – अंतराळ. दोन्ही टोकांना आभाळ! मराठीत क्रियापद शेवटी गेलं की ही गंमत हरवते. पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून केलेला अनुवाद जुन्या ग्रंथालयात मिळाला, तर शेजारी ठेवून ताडून बघा.

वाचनवेडी:
शास्ते ५ वाचलं. शेवटी सीसराची आई खिडकीत वाट बघत बसलीय, 'रथाला उशीर का?' हे दोनदा विचारते. आता दमले नाही. ऑल्टर मागवतेय.