स्पितीला निघण्याआधी गाडीच्या वायरिंगचं काय करावं?

अनेरकाठ
मंडळी, ४०० सीसीची टूरर आहे, जूनमध्ये चोपड्याहून स्पितीला न्यायचीय. परवा तोरणमाळच्या घाटात वळण घेताना हॉर्न आणि इंडिकेटर एकदम गेले. फ्यूज उडालेला. नवा टाकला, थोडं पुढे जाऊन तोही गेला. मेकॅनिक म्हणतो १० अँपिअरऐवजी २० चा टाक. मागच्या वर्षी फॉग लाइट आणि मोबाइल चार्जर बसवलेत. पूर्ण वायरिंगच बदलू का?

सातपुडा_रायडर
२० चा अजिबात टाकू नको भो. फ्यूज टिकेल, पण टाकीखाली वायर वितळेल. वायरिंगही बदलू नको, उगाच दहा हजारांना फोडणी.

हँडल वळवल्यावरच उडतो म्हणजे हँडलच्या मानेपाशी वायर सोलून फ्रेमला लागतेय. फ्यूज काढ, त्याच्या जागी इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब दोन वायरींनी जोड. इग्निशन चालू, हॉर्न-इंडिकेटर बंद, आणि हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरव. जिथे शॉर्ट होईल तिथे बल्ब लख्ख पेटेल, फ्यूजही वाया जाणार नाहीत. मग टाकी उतरवून तिथलं बंडल बोटाने चाचप. बहुतेक वेळा फॉग लाइटवाल्याने केबल टाय करकचून आवळलेला असतो आणि त्याची कडाच वायरीत रुतते. तो कापून टाक, हँडल पूर्ण फिरूनही वायर ताणली जाणार नाही एवढी ढील ठेव.

केळीपट्टा
वरच्याशी सहमत. एक भर: दुरुस्तीला काळा चिकट टेप वापरू नका. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, डिंक पाझरतो आणि टेप सुटून लोंबतो. कापडी हार्नेस टेप घ्या, वरून चिरलेली रिंगांची नळी, चीर खाली ठेवून, म्हणजे पाणी साचत नाही. जोड पिळून टेप मारलेला नको. लग (वायरीची टोकं पकडणारी धातूची नळी) दाबून वर हीट श्रिंक, म्हणजे तापवली की आवळणारी नळी. नुसतं सोल्डर केलं तर जिथे ते संपतं तिथेच वायर थरथरून तुटते.

सातपुडा_रायडर
फॉग लाइट हेडलाइटच्या वायरीतून घेतलेत का? ५५ वॅटचे दोन म्हणजे साधारण ९ अँपिअर, मूळ स्विचला ते झेपत नाही. बॅटरीतून रिलेवर (थोड्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) घे, १५ चा फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ. वायर सायलेन्सरपासून लांब.

अनेरकाठ
रिले नाहीये, आता कळलं. सीटखाली एक वायर कुरतडल्यासारखीही दिसतेय.

धुळेकर_भो
गाडी कापसाच्या ढिगाशेजारी उभी असते ना? भाव वाढेल म्हणून घरात भरलेला कापूस म्हणजे उंदरांची वसाहत. डांबर गोळ्यांवर विसंबू नको, वास उडाला की ते परत येतात. गाडी दुसऱ्या खोलीत लाव, सीटखालची जुनी फडकी काढून टाक, आणि निघण्याआधी तिथल्या वायरी एकेक करून बघ.

अनेरकाठ
बरोबर ओळखलंत, ओसरीतच कापूस आहे! ती रिंगांची नळी कुठे मिळेल?

केळीपट्टा
ट्रक-ट्रॅक्टरचं वायरिंग करणाऱ्याकडे, मीटरवर. बंडल सोबत घेऊन जा, मापात देतो.