अमेरिकेची असोसिएट डिग्री खानापुरात बसून ऑनलाइन घ्यावी का?

प्रश्न: खानापूरचा पालक

माझी मुलगी यंदा विज्ञान शाखेतून सेकंड पीयूसी (कर्नाटकातील बारावी) उत्तीर्ण झाली आहे. दहावीपर्यंतचे तिचे शिक्षण मराठी माध्यमातून झाले असून तिला कॉम्प्युटर सायन्स शिकायचे आहे. परंतु सीईटीत क्रमांक फार खाली आला. बेळगावातील एका सल्लागाराने घरबसल्या दोन वर्षांत असोसिएट डिग्री ही ‘अमेरिकन डिग्री’ मिळेल असे सांगितले असून पहिला हप्ता महिनाअखेरीस मागितला आहे. ही पदवी नेमकी कोणत्या दर्जाची असते आणि तिच्यावर आपल्याकडे एम.सी.ए.ला प्रवेश मिळेल का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर: निवृत्त प्राध्यापक, टिळकवाडी

असोसिएट डिग्री ही अमेरिकेतील खरी आणि जुनी पदवी आहे. ती देणारी कम्युनिटी कॉलेजे (दोन वर्षांच्या अभ्यासक्रमांची कॉलेजे) तिकडे 1901 पासून, म्हणजे इलिनॉयमधील जोलिएट येथे पहिले ज्युनियर कॉलेज (अशा कॉलेजांचे तेव्हाचे नाव) निघाल्यापासून, चालत आलेली आहेत. साधारण 60 क्रेडिटचा (क्रेडिट म्हणजे शिकलेल्या विषयांचे श्रेयांक) हा अभ्यासक्रम चार वर्षांच्या बॅचलर पदवीच्या निम्मा असतो, आणि ‘निम्मा’ हाच शब्द आपण लक्षात ठेवावा. आपल्याकडे एम.सी.ए.साठी किमान तीन वर्षांची पदवी लागते, त्यामुळे केवळ असोसिएट डिग्रीवर तो प्रवेश मिळणार नाही. पदवीधरांसाठीच्या सरकारी नोकऱ्यांनाही ती पुरणार नाही. सल्लागाराने ‘डिग्री’ म्हटले ते खोटे नव्हे, पण अर्धेच सांगितले.

या पदवीची खरी किंमत तिची क्रेडिट पुढच्या विद्यापीठाने स्वीकारण्यात आहे. म्हणून कॉलेज निवडण्याआधी पुढचे विद्यापीठ निवडावे आणि या कॉलेजची कोणती क्रेडिट आपण घ्याल, असे त्यांनाच ईमेलने विचारावे. कॉलेज मान्यताप्राप्त आहे की नाही, हे अमेरिकेच्या शिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येते. असोसिएट ऑफ सायन्स ही पदवी पुढच्या शिक्षणासाठी आखलेली असते, तर असोसिएट ऑफ अप्लाइड सायन्स ही मुख्यतः थेट नोकरीसाठी असते आणि तिची सगळी क्रेडिट पुढे चालतीलच असे नाही. नावातला हा एका शब्दाचा फरक दोन वर्षांवर पाणी फिरवू शकतो.

उत्तर: मूळ निपाणीचा, सध्या न्यू जर्सीत

मी हीच वाट तिकडे प्रत्यक्ष जाऊन चाललो. कम्युनिटी कॉलेजचे शुल्क विद्यापीठापेक्षा कमी असते हे खरे. मात्र स्थानिक विद्यार्थ्यांची सवलत बाहेरून आलेल्यांना सहसा मिळत नाही, त्यामुळे कॉलेजच्या पानावरचा पहिला आकडा पाहून हिशेब मांडू नये. एफ-1 (विद्यार्थी) व्हिसावर सत्राला किमान 12 क्रेडिट घ्यावी लागतात आणि त्यांत ऑनलाइन शिकलेली जास्तीत जास्त 3 क्रेडिटच धरली जातात. उलट खानापुरात बसून सगळे ऑनलाइन करायचे असेल, तर विद्यार्थी व्हिसा लागतही नाही आणि त्या आधारावर मिळतही नाही.

वर्ग थेट घेतला जातो की रेकॉर्ड केलेला असतो, हेही विचारून घ्या. न्यू जर्सीतील संध्याकाळी सहाची तासिका म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात पहाटेचे साडेतीन आणि हिवाळ्यात साडेचार. पावसाळ्यात खानापूरची वीज त्या वेळी असेल याची खात्री कोण देणार? विज्ञानाचा विद्यार्थी असूनही मला सर्वांत जड गेला तो इंग्रजी निबंधलेखनाचा सक्तीचा विषय. दर आठवड्याला लिहून द्यावे लागे, आणि मराठी माध्यमातून आलेल्याला पहिल्या सत्रात तिथेच घाम फुटतो.

उत्तर: चिकोडीची शिक्षिका

कर्नाटकात 2021 मध्ये नव्या शैक्षणिक धोरणानुसार दोन वर्षांनंतर डिप्लोमा घेऊन बाहेर पडण्याची सोय आली होती. पण 2024-25 पासून राज्याने पुन्हा तीन वर्षांची पदवी लागू केली, त्यामुळे जुनी माहितीपत्रके वाचून गोंधळू नये. ऑनलाइनच हवे असेल तर विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्यता असलेली ऑनलाइन बी.सी.ए. पाहावी, ती तीन वर्षांची असली तरी एम.सी.ए.चा दरवाजा उघडतो. शिवाय वादग्रस्त सीमाभागातील मराठी भाषक विद्यार्थ्यांना महाराष्ट्राच्या अभियांत्रिकी प्रवेशात स्वतंत्र पात्रता आहे. आमच्याकडे पुष्कळ पालकांना ती प्रवेशाची मुदत संपल्यावर कळते.

प्रश्नकर्ता

सर्वांचे आभार. सल्लागाराला आज दोनच गोष्टी लेखी मागितल्या: कॉलेजचे पूर्ण नाव आणि क्रेडिट स्वीकारणाऱ्या विद्यापीठाचे पत्र. उत्तर येईपर्यंत हप्ता थांबवला आहे आणि मुलीसाठी उद्या बी.सी.ए.चा अर्ज आणणार आहे.