थाई सासर: सिनसॉत आणि कलम ११२, मदत हवी आहे

मंडळी, चार वर्षं बँकॉकमध्ये आहे. मैत्रीण ईशान्य थायलंडमधल्या खोन केनची. पुढच्या महिन्यात तिच्या घरी लग्नाचं बोलायला जायचंय. इथे उलटा कारभार, नवऱ्यामुलाने मुलीच्या आईवडिलांना सिनसॉत द्यायचा, रोख आणि सोनं. आईला फोनवर सांगितलं तर ती गप्पच झाली! रक्कम ठरवायला मीच बसायचं की कुणी वडीलधारं न्यायचं?

दुसरं, तिचे वडील जेवताना राजकारण काढतात. २०२३ला सर्वाधिक जागा जिंकलेला मूव्ह फॉरवर्ड पक्ष २०२४मध्ये कोर्टाने बरखास्त केला, ‘तुला काय वाटतं?’ असं विचारतात. बोलायची भीतीच वाटते, इथे राजघराण्याच्या अवमानाला कलम ११२ खाली ३ ते १५ वर्षं कैद. मी आपला चिकट भाताचे गोळे वळत बसतो. त्यांना हे तुटक वाटत असेल का? थायलंडचा जावई आहे का कुणी इथे?