तिसरीतलं वाचन आणि पोदेराची गोष्ट
(गोव्यातल्या एका सोसायटीच्या ग्रुपवरचं बोलणं)

बी-२०४, आई: नमस्कार. आमचा मुलगा तिसरीत आहे. धडा घडाघडा वाचतो, अक्षर अडत नाही. पण पुस्तक मिटून "काय वाचलंस?" विचारलं की गप्प. गोष्ट लिही म्हटलं तर तीन ओळी: तो बाजारात गेला, मासे आणले, घरी आला. बाई, तुम्ही इतकी वर्षं प्राथमिकला शिकवलंत म्हणून विचारते. क्लास लावू का?

ए-१०१, बाई: क्लास नको गो. काल मी नातीला तीन वाक्यं लिहून दिली. "आभाळ भरून आलं. आजीने वाळत घातलेल्या कोकमाच्या सोलांचं एक सूप धावत आत नेलं. दुसऱ्याकडे पोचेपर्यंत सर आली." आजीने आत काय नेलं? लगेच उत्तर. दुसऱ्या सुपातल्या सोलांचं काय झालं? तर म्हणते, "ते लिहिलेलं नाही." तिथेच अडतं बघ. मग मी आठवण दिली, गेल्या मे महिन्यात आपली सोलां भिजली होती ना? तेव्हा तिला बुरशी आठवली, ती फेकताना माझा झालेला चेहराही आठवला. धड्याखालच्या बऱ्याच प्रश्नांची उत्तरं वाक्यातून उचलता येतात. तू रोज एकच असा प्रश्न विचार, ज्याचं उत्तर दोन वाक्यं जोडल्यावर मिळेल. विचारून झालं की थोडा वेळ गप्प राहा. आपण मोठी माणसं घाईने उत्तर सांगून टाकतो.

सी-३०२, बाबा: केंद्राचं निपुण भारत अभियान २०२१ मध्ये सुरू झालं, तेही तिसरीपर्यंत मुलांना समजून वाचता यावं म्हणूनच. पुस्तकं हवी असतील तर पणजीला पाटोवर कृष्णदास शामा ग्रंथालयात मुलांचा वेगळा विभाग आहे. आम्ही शनिवारी जातो, मुलगी तासभर हलत नाही.

बी-२०४, आई: नक्की नेते. आणि बाई, गोष्टीत संवाद घाला असं शाळेत सांगितलंय. तो प्रत्येक ओळीला "म्हणाला, म्हणाला" लिहितो.

ए-१०१, बाई: उद्या सकाळी पाव-उंडे विकायला येणाऱ्या पोदेराचा भोंगा, पोंय पोंय, ऐकू आला की त्याला खाली पाठव. वही नको, नुसतं ऐकू दे. परत आला की कोण काय बोललं ते लिहायला लाव. बोलणारा बदलला की नवी ओळ, बोलणं अवतरणचिन्हांत. दोघांचं बोलणं वेगवेगळं ऐकू येत असेल तर दर वेळी "म्हणाला" लागत नाही. त्या जागी हात काय करत होते ते लिहू दे.

ए-३०३, आई: पण पोदेर कोंकणीत बोलतो. माझ्या मुलीने गोष्टीत "आयलो" लिहिलं तर वहीत लाल रेघ आली.

ए-१०१, बाई: त्या लाल रेघेचं मला मनापासून वाईट वाटतं. आपल्याकडे कितीतरी मुलं घरी कोंकणी बोलतात आणि शाळेत मराठी वाचतात. निवेदन मराठीत नीट असलं पाहिजे, त्यात सूट नाही. पण अवतरणचिन्हांच्या आत माणूस बोलतो तसाच बोलू दे. पोदेराच्या तोंडी "मला उशीर झाला" घातलं की तो पोदेर राहतच नाही. आणखी एक. मराठीत "तो म्हणाला की मी येतो" असंच लिहितात. इंग्रजीत "मी"चा "तो" करावा लागतो, तो नियम मुलं इकडे आणतात आणि कोण कोणाबद्दल बोलतंय ते कळेनासं होतं.

(दुसऱ्या दिवशी)

बी-२०४, आई: बाई, आज पोदेराला उशीर झाला, ते त्याने स्वतः लिहिलंय. मी फक्त शुद्धलेखन बघितलं.

"कित्याक रे कळाव?" आजीने पिशवी पुढे केली.
"पावस, आजये!" पोदेराने टोपलीवरचं प्लास्टिक बाजूला केलं.
"चार उंडे दी. गरम आसात?"
"हात लावन पळय."
आजीने हात लावला आणि हसली.

ए-१०१, बाई: शाबास! पिशवी आणि प्लास्टिक त्याने स्वतः पाहिलंय, म्हणून ते वहीत आलं. आता त्याला विचार, आजी का हसली? आणि ते कुठे लिहिलंय ते बोट ठेवून दाखवू नकोस.

बी-२०४, आई: विचारलं. म्हणतो, "उंडे गरम होते. पावसात पण त्याने ते झाकून आणले म्हणून." आणि आता पोदेर सकाळी किती वाजता उठतो ते त्याला उद्या विचारायचंय.