देशापुरता ब्लॉक देशापुरताच राहतो असं नाही
"साइट बंद करण्याचा आदेश निघाला की ती देशापुरती बंद, बाहेरच्यांना काय फरक पडतो" असं काही जण म्हणतात. कागदावर ते ठीक आहे. पण बंद कशी केली यावर सगळं आलं. डीएनएसमध्ये, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणाऱ्या यंत्रणेत, नाव अडवलं तर दुसरा रिझॉल्व्हर (पत्ता शोधून देणारा सर्व्हर) टाकून लोक आत जातात. आयपी, म्हणजे सर्व्हरचा आकडी पत्ता, अडवला तर त्याच पत्त्यावरच्या इतर साइट्सही मरतात. एचटीटीपीएसमुळे (साइटशी होणारी देवाणघेवाण कुलूपबंद ठेवणारी पद्धत) इंटरनेट पुरवठादाराला एकच पान अडवता येत नाही, अख्खं डोमेन जातं.

राउटिंगला, म्हणजे कुठल्या पत्त्याकडे कुठून जायचं हे नेटवर्क एकमेकांना जाहीर करतात त्या व्यवस्थेला, हात लावला की काय होतं ते २४ फेब्रुवारी २००८ ला दिसलं. पाकिस्तान टेलिकॉमने यूट्यूब अडवायला त्याच्या /२२ पत्त्यांतला एक /२४ तुकडा स्वतःकडे वळवला (तिरक्या रेघेपुढचा आकडा जितका मोठा, तितका पत्त्यांचा तुकडा लहान). हा मार्ग देशातच राहायला हवा होता. तो वरच्या पुरवठादाराकडे, म्हणजे पाकिस्तान टेलिकॉमला बाहेरच्या जगाशी जोडणाऱ्या पीसीसीडब्ल्यू कंपनीकडे गेला आणि त्यांनी न गाळता जगाला जाहीर केला. राउटर, म्हणजे वाहतुकीला वाट दाखवणारी यंत्रं, नेहमी जास्त नेमका, म्हणजे लहान तुकड्याचा मार्ग निवडतात. झालं, जगाच्या बऱ्याच भागात यूट्यूब सुमारे दोन तास गायब! शेवटी यूट्यूबने आधी तोच /२४ आणि मग त्याहून लहान दोन /२५ जाहीर करून वाहतूक परत खेचली. आज आरपीकेआय, म्हणजे कुठले पत्ते कुणी जाहीर करायचे याची सही केलेली नोंद, वापरून असा खोटा मार्ग ओळखता येतो, पण वरचा पुरवठादार तपासणी करत असेल तरच.