विद्यापीठांच्या आवारात स्वतंत्र पोलीस दल हवंच

नीरजा_पाषाण (धागाकर्ती)

माझं मत आधीच मांडते. राज्यातल्या मोठ्या विद्यापीठांना कायद्याने अधिकार दिलेलं, विद्यापीठापुरतंच नेमलेलं पोलीस दल मिळायला हवं.

पुणे विद्यापीठाचं आवार 411 एकरांचं, कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ तर 850 एकरांच्या वर. आत वसतिगृहं, प्रयोगशाळा, बँक, कँटीन, झाडीतून जाणारे रस्ते, सकाळ-संध्याकाळ फिरायला येणारे लोक. एवढ्या पसाऱ्याची राखण कोण करतं? ठेकेदाराने पाठवलेले पहारेकरी. त्यांना अधिकार किती? तुम्हाआम्हाला आहेत तेवढेच. डोळ्यांदेखत दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा घडला, तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 40 प्रमाणे कोणीही नागरिक गुन्हेगाराला धरू शकतो आणि सहा तासांच्या आत त्याला पोलिसांच्या ताब्यात द्यावं लागतं. बस, एवढंच. रात्री प्रयोगशाळेतून निघालेल्या मुलीमागे कोणी मोटरसायकल घेऊन लागला, तर गार्ड त्याला हटकेल, ओळखपत्र मागेल. त्याने ते न दाखवता गाडी दामटली की विषय संपला.

अमेरिकेत 1894 मध्ये येल विद्यापीठासाठी न्यू हेवन शहराचे दोन पोलीस नेमले, तिथून ही पद्धत सुरू झाली. आज तिकडच्या बहुतेक मोठ्या सरकारी विद्यापीठांत शपथ घेतलेले, अटकेचे अधिकार असलेले पोलीस असतात. त्यांना आवारातला कानाकोपरा माहीत असतो, मुलं त्यांना चेहऱ्याने ओळखतात. रात्री एकटीने वसतिगृहावर जायचं असेल तर फोन केला की सोबतीला माणूस पाठवायची सोयही अनेक ठिकाणी असते.

आपल्याकडे यूजीसीच्या 2015 च्या सुरक्षा मार्गदर्शक सूचनांमध्येसुद्धा आवारात पोलीस ठाणं असणं इष्ट, असं म्हटलंय. सरकारी रुग्णालयांत डॉक्टरांवर हल्ले वाढले, 2017 मध्ये निवासी डॉक्टर कामावर जाईनात, तेव्हा महाराष्ट्र सुरक्षा बलाचे जवान नेमायची तयारी सरकारने दाखवलीच ना? मग विद्यापीठांसाठी, त्यातही निम्म्या महिला असलेलं दल उभं करायला हरकत काय?

चळवळ्या_माजी_विद्यार्थी

पूर्ण विरोध. नीरजाताई, तुमची काळजी खरी आहे, पण पोलीस आवारात आले की ते कोणासाठी येतात ते आपण पाहिलंय.

15 डिसेंबर 2019, जामिया. पोलीस थेट ग्रंथालयात घुसले. वाचत बसलेल्या मुलांवर लाठ्या चालल्या. तीन आठवड्यांनी, 5 जानेवारी 2020 ला जेएनयूत तोंड बांधलेले लोक वसतिगृहांत शिरून मुलांना आणि प्राध्यापकांना मारत होते, तेव्हा पोलीस गेटवर उभे होते. फेब्रुवारी 2024 मध्ये पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात विद्यार्थ्यांचा नाट्यप्रयोग उधळला गेला आणि अटक झाली ती विभागप्रमुखांना आणि विद्यार्थ्यांना.

सगळ्यात बोलकं उदाहरण बनारस हिंदू विद्यापीठाचं. तिथे प्रॉक्टोरियल बोर्डाचे, म्हणजे आवारातली शिस्त सांभाळणाऱ्या मंडळाचे वर्दीतले रक्षक आहेत, म्हणजे तुम्ही म्हणता त्याच्या जवळपासची व्यवस्था. सप्टेंबर 2017 मध्ये एका विद्यार्थिनीची आवारात छेड काढली गेली. रक्षक जवळ होते, त्यांनी काही केलं नाही, अशी तिची तक्रार होती. मुली गेटवर बसल्या. मागणी काय, तर रस्त्यावर दिवे लावा, रक्षकांना जबाबदार धरा. 23 तारखेच्या रात्री त्यांच्यावरच लाठीमार झाला. सुरक्षितता मागणाऱ्या मुलींवर! उद्या फी वाढीविरोधात उपोषणाला बसलेल्या पोरांना उचलायला तुमचं हेच दल पहिल्यांदा वापरलं जाईल.

बोरिवली_स्लो

मला दोघांचंही पटत नाही. तुम्ही बाहेरून येणाऱ्या माणसाबद्दल बोलताय. जून 2023 मध्ये चर्नी रोडच्या सरकारी मुलींच्या वसतिगृहात अठरा वर्षांच्या मुलीचा तिच्याच खोलीत खून झाला. संशयित होता तिथेच वर्षानुवर्षं काम करणारा पहारेकरी. नंतर तो रेल्वे रुळांवर मृतावस्थेत सापडला. कुंपणच शेत खातं तिथे कुंपणाला पिस्तूल देऊन काय मिळणार?

मी वसतिगृहात राहून शिकले. आम्हाला भीती वाटायची ती साध्या गोष्टींची. मजल्याच्या किल्ल्या कोणाकडे असतात, पुरुष कर्मचारी कोणत्या वेळेला वर येऊ शकतात, वॉर्डन रात्री खरोखर इमारतीत असतात का, दाराची आतली कडी नीट लागते का. कोणी त्रास देतोय असं सांगितलं तर ते लिहून घेतलं जातं का. यातल्या एकाही गोष्टीला पोलीस दल लागत नाही.

निवृत्त_फौजदार

मी खात्यात आयुष्य घालवलं आहे, म्हणून दोन गोष्टी सांगतो.

पहिली. कुलगुरूंच्या परवानगीशिवाय पोलीस आवारात येऊ शकत नाहीत, असा समज मुलांमध्येही आहे आणि प्राध्यापकांमध्येही. दखलपात्र गुन्ह्याच्या तपासाला अशी परवानगी कायद्यात कुठेही लागत नाही. तो संकेत आहे. संकेत चांगला आहे, मोर्चा-निदर्शनांच्या वेळी पाळलाच पाहिजे. पण छेडछाड, मारहाण, विनयभंग अशा वेळी त्याची ढाल करून प्रकरण दाबलं जातं.

दुसरी गोष्ट, आणि हीच खरी. आवारातल्या गुन्ह्याची खबर ठाण्याला उशिरा मिळते. आधी विभागात बैठक, मग वॉर्डन, मग कुलसचिव, मग पालकांना बोलावणं. 'मुलीच्या भविष्याचा विचार करा', 'संस्थेचं नाव खराब होईल'. चार-सहा दिवसांनी, कधी महिन्याने आमच्याकडे येतात. तोवर सीसीटीव्हीचं चित्रण पुसलं गेलेलं असतं, खोली धुतलेली असते, साक्षीदार परीक्षा देऊन गावी गेलेला असतो. अशा तपासात आम्ही हात चोळत बसतो, आणि कोर्टात आरोपी सुटला की नाव पोलिसांचं खराब होतं.

नीरजाताई, तुमचं दल कोणाच्या हाताखाली असणार ते तुम्ही लिहिलेलंच नाही. पगार विद्यापीठ देणार असेल, तर आज जे मिटवामिटवीचं काम वॉर्डन करतात तेच उद्या वर्दीतला माणूस करेल. त्यापेक्षा स्थानिक ठाण्याची चौकी द्या, तिथे चोवीस तास महिला अंमलदार ठेवा. दामिनी पथकाची फेरी लावा. गुन्हा नोंदवायला हद्द आडवी येत नाही, शून्य क्रमांकाने कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो, एवढं पहिल्याच दिवशी प्रत्येक मुलीला सांगा.

कोलंबसकर

ओहायोत बरीच वर्षं राहतोय, मुलं इथल्याच विद्यापीठांत शिकली. नीरजाताईंनी अमेरिकेचं उदाहरण दिलंय, त्याची दुसरी बाजू सांगायला हवी.

आमच्याच राज्यात 2015 मध्ये सिनसिनाटी विद्यापीठाच्या पोलिसाने आवाराबाहेर एक गाडी थांबवली. पुढची नंबरप्लेट नव्हती, एवढंच कारण. काही मिनिटांत त्या निःशस्त्र कृष्णवर्णीय चालकाच्या डोक्यात गोळी घातली. विद्यापीठाने कुटुंबाला 48 लाख 50 हजार डॉलर दिले आणि बारा मुलांच्या शिक्षणाची जबाबदारी घेतली. 2011 मध्ये कॅलिफोर्नियातल्या डेव्हिसच्या आवारात शांतपणे खाली बसलेल्या विद्यार्थ्यांच्या तोंडावर विद्यापीठ पोलिसाने मिरीचा फवारा मारला. म्हणजे चळवळ्या यांना वाटणारी भीती इकडेही खरी ठरली आहे.

पण इथून घेण्यासारखी एक गोष्ट आहे आणि ती म्हणजे क्लेरी कायदा. 1986 मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या लीहाय विद्यापीठात जीन क्लेरी नावाच्या एकोणीस वर्षांच्या मुलीवर वसतिगृहातल्या खोलीत बलात्कार करून तिचा खून झाला. खुनी त्याच विद्यापीठाचा विद्यार्थी. आपोआप बंद होणारे दरवाजे मुलांनी अडसर लावून उघडे ठेवले होते, तो सरळ आत आला. आवारात आधी किती गुन्हे झाले होते ते आपल्याला कोणी सांगितलंच नव्हतं, हे तिच्या आईवडिलांना फार लागलं. त्यांनी पाठपुरावा केला आणि 1990 मध्ये देशभरासाठी कायदा झाला. सरकारी मदत घेणाऱ्या प्रत्येक संस्थेला दरवर्षी 1 ऑक्टोबरपर्यंत मागच्या तीन वर्षांचे गुन्ह्यांचे आकडे जाहीर करावे लागतात. आवारात पोलीस किंवा सुरक्षा विभाग असेल तर रोजची गुन्हेनोंद कोणालाही पाहू द्यावी लागते. धोका चालू असेल तर ताबडतोब सगळ्यांना कळवावं लागतं.

ताबडतोब म्हणजे काय, ते व्हर्जिनिया टेकने दाखवलं. 16 एप्रिल 2007 ला सकाळी सव्वासातला वसतिगृहात दोघांना गोळ्या घातल्या गेल्या. विद्यार्थ्यांना पहिला ईमेल गेला 9 वाजून 26 मिनिटांनी. त्यानंतर थोड्याच वेळात नॉरिस हॉलमध्ये आणखी तीस जण मारले गेले. त्यात आपले प्राध्यापक लोगनाथन होते, मुंबईहून शिकायला आलेली एक मुलगी होती. त्या विद्यापीठाकडे स्वतःचे सशस्त्र पोलीस होते. त्या दोन तासांत मुलांना खबर मिळाली असती, तर कित्येक जण वर्गात गेलेच नसते.

आणि हा कायदा नुसता कागदावर नाही. डॉक्टर लॅरी नासरने केलेल्या लैंगिक अत्याचारांच्या प्रकरणात मिशिगन स्टेट विद्यापीठाला 2019 मध्ये 45 लाख डॉलर दंड झाला, 2024 मध्ये लिबर्टी विद्यापीठाला 1 कोटी 40 लाख.

चळवळ्या_माजी_विद्यार्थी

कोलंबसकर, आकडे सक्तीचे केले म्हणून खरे येतात का? तिकडेही कित्येक कॉलेजं बलात्काराच्या रकान्यात वर्षानुवर्षं शून्य लिहितात. आपल्याकडे कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्यानुसार अंतर्गत समितीला तक्रारींच्या संख्येसह वार्षिक अहवाल द्यावाच लागतो. तो वाचलेला एक तरी पालक इथे आहे का? फायलीत जातो आणि तिथेच राहतो.

कोलंबसकर

शून्य लिहितात, बरोबर. पण ते शून्य छापील आणि सहीचं असतं. पुढे एखादी मुलगी उभी राहिली की तेच शून्य संस्थेविरुद्ध पुरावा होतं आणि दंड बसतो. तुमच्याकडचा अहवाल फायलीत जातो, कारण तो जाहीर करायची सक्ती नाही आणि खोटा निघाला तर कोणाच्या खिशाला चाट बसत नाही. दोन्ही गोष्टी कायद्यात घालता येतात.

गार्डची_लेक

माझे वडील एका शैक्षणिक संस्थेत सुरक्षारक्षक आहेत. वरचं सगळं वाचलं आणि राहवलं नाही म्हणून लिहितेय.

बारा तासांची ड्युटी, बदली माणूस आला नाही की तिथूनच पुढची पाळी. बसायला फाटकी खुर्ची, पावसाळ्यात रेनकोट स्वतःच्या पैशाने. निविदा सगळ्यात कमी बोलीवाल्याला जाते, ठेकेदार बदलला की पगार दोन-दोन महिने लटकतो. केंद्राच्या नमुना नियमांत रक्षकाला 100 तास वर्गात आणि 60 तास प्रत्यक्ष प्रशिक्षण द्यायचं लिहिलंय. माझ्या वडिलांना गणवेश मिळाला आणि त्याच रात्री गेटवर उभं केलं. एका बड्या बापाच्या मुलाची गाडी अडवली तेव्हा दुसऱ्या दिवशी माफी त्यांनाच मागावी लागली.

पोलीस दल आणायला सरकारकडे पैसा आहे, मग आहेत त्या माणसांना आठ तासांची पाळी, नियमाप्रमाणे प्रशिक्षण आणि वेळेवर पगार द्यायला का नाही? पडताळणी करा, हजारदा करा. पण चर्नी रोडचं उदाहरण देऊन प्रत्येक पहारेकऱ्याकडे संशयाने पाहू नका. रात्री दोनला वसतिगृहातली मुलगी आजारी पडली तर रिक्षा शोधायला माझेच वडील धावतात.

बोरिवली_स्लो

ताई, तुमचं म्हणणं मनापासून पटतं. माझा रोख तुमच्या वडिलांसारख्या माणसांवर नव्हता. पडताळणी न करता, देखरेख न ठेवता मुलींच्या मजल्यांवर माणसं सोडणाऱ्या व्यवस्थेवर होता.

नीरजा_पाषाण

सगळं वाचलं. फौजदार साहेबांच्या प्रश्नाचं उत्तर देते, कारण तो नेमका आहे. दल राज्य पोलिसांचंच असावं, पगार गृहखात्याचा, जबाबदारी आयुक्तांकडे. कुलगुरूंना सूचना करता येईल, तक्रार अडवता येणार नाही. मोर्चा, सभा, नाटक, भिंतीवरचं लिखाण यात या दलाला हातच घालता येणार नाही, असं कायद्यातच लिहावं. क्लेरीसारखी आकड्यांची सक्ती सोबत हवी, हेही मान्य. पण दल नको, असं मी म्हणणार नाही. चौकीतला अंमलदार गणपतीत बंदोबस्ताला जातो, निवडणुकीत जातो, मंत्री आले की जातो. दिवाळीनंतर रिकाम्या झालेल्या आवारात, पीएचडीच्या मुली प्रयोग सोडून जाऊ शकत नाहीत म्हणून थांबतात, तेव्हा चौकीला कुलूप असतं. विद्यापीठासाठीच नेमलेला माणूस हवा, तो यासाठी.

निवृत्त_फौजदार

बंदोबस्ताचं म्हणता ते खरं आहे. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही, खात्यात माणसंच कमी आहेत. पण म्हणूनच विचारतो, तुमच्या दलासाठी माणसं कुठून आणणार? त्याच खात्यातून ना?

लातूरची_आई

इथे सगळे शिकलेले, मोठ्या शहरातले दिसता, म्हणून भीतभीत लिहिते. आकडे जाहीर करा म्हणताय. आमच्याकडे काय होईल सांगू? पेपरात आलं की अमुक विद्यापीठात इतक्या छेडछाडी, तर दुसऱ्या दिवशी भावकी दारात. 'पोरीला परत आणा, स्थळ आलंय.' ज्या कॉलेजाने खरे आकडे दिले तिथल्या मुली घरी बसतील आणि ज्याने खोटं शून्य लिहिलं तिथे गर्दी होईल. माझ्या मुलीला पुण्याला पाठवताना मी घरात किती भांडले, ते मलाच माहीत.

वसतिगृहाचं दार साडेआठला बंद करा, मोबाइल घ्या, आईबापांचं पत्र आणा, हे सगळं सुरक्षिततेच्या नावाखालीच चालतं. दिल्लीत 2015 मध्ये मुली याच वेळेच्या बंधनाविरुद्ध 'पिंजरा तोड' म्हणत रस्त्यावर उतरल्या होत्या. तुमचं पोलीस दल आलं की पहिल्यांदा मुलींनाच विचारणार, 'एवढ्या रात्री कुठे निघालीस?'

कोलंबसकर

ताई, तुमचा मुद्दा माझ्या डोक्यात आला नव्हता आणि तो जड आहे. आकड्यांच्या शेजारी त्या संस्थेने काय केलं तेही छापलं जावं, असं वाटतं. किती तक्रारी घेतल्या, किती दिवसांत, काय कारवाई झाली. ज्या संस्थेत तक्रारी नोंदल्या जातात आणि निकाली निघतात तिथे मुलगी जास्त सुरक्षित आहे, हे पालकांना सांगावं लागेल.

लातूरची_आई

तुम्ही सांगाल हो. पण आमच्या भावकीला ते कोण वाचून दाखवणार? मला विचाराल तर आधी रस्त्यावरचे दिवे, वसतिगृहातच राहणारी बाई वॉर्डन आणि रात्री दहापर्यंत ग्रंथालयातून वसतिगृहापर्यंत फिरणारी बस, एवढं द्या. बस आली तर मुलगी ग्रंथालयात बसेल. तिला आठला खोलीत कोंडायची गरज उरणार नाही.