हेरपटाच्या विडंबनाची डिस्क कशी जोखायची? चित्र खराब आहे की सिनेमाच तसा आहे?

शेवटची_रांग

नमस्कार मंडळी, जरा मदत हवीये. 'टॉप सीक्रेट' हा १९८४ चा सिनेमा माझा अतिशय लाडका. हेरपटांचं विडंबन, व्हॅल किल्मरचा पहिला सिनेमा, पूर्व जर्मनीत गेलेला अमेरिकन गायक हेरगिरीत अडकतो ती गोष्ट. पहिल्यांदा कॅसेटवर बघितला, मग वर्षानुवर्षं डीव्हीडीवर, आणि आता हाय डेफिनिशन डिस्क हातात आलीये. तिच्यावर सविस्तर लिहायचं आहे, म्हणजे ज्यांच्याकडे जुनी आहे त्यांना ठरवता येईल की ही घ्यावी की आहे त्यावर भागवावं. पण दोन दिवस दोन्ही आलटून पालटून बघतोय आणि गोंधळ वाढतच चाललाय.

नव्या डिस्कवर दाणे दिसतात, रात्रीच्या सीनमधे आकाशात मुंग्या फिरतायत असं वाटतं, जुनीवर चित्र कसं गुळगुळीत होतं. शिवाय मधेच काही शॉट बाकीच्यांपेक्षा एकदम मऊ होतात, विशेषतः जिथे दोन चित्रं एकावर एक जोडलीयत किंवा वर अक्षरं आहेत तिथे. आणि मला सगळ्यात छळणारी गोष्ट म्हणजे नवीवर सिनेमा ९० मिनिटांचा आहे आणि जुनीवर ८६ आणि वर थोडे सेकंद. मग ती साडेतीन मिनिटं कुठे गेली? दोन्ही शेजारी शेजारी लावून बसलो तरी एकही सीन कमी सापडला नाही.

आणि मुळात असल्या सिनेमाला गंभीर सिनेमाचेच निकष लावायचे का? यातला निम्मा विनोद मुद्दाम खोटं दिसण्यावर उभा आहे, मग खोटं दिसलं तर दोष कोणाचा धरायचा?

रीळमास्तर

साडेतीन मिनिटांचं आधी सांगतो, कारण त्यात काहीच कापलेलं नाहीये. तुमची जुनी डीव्हीडी पाल पद्धतीची असणार, म्हणजे भारत-युरोपातल्या जुन्या टीव्हीच्या पद्धतीची. सिनेमा चित्रित होतो सेकंदाला २४ फ्रेमनी आणि पालमधे सेकंदाला २५ दाखवायच्या असतात, तेव्हा सोपा मार्ग म्हणून अख्खा सिनेमाच चार टक्के जास्त वेगानं पळवतात. ९० गुणिले २४ भागिले २५ करा, ८६.४ येतात. तुमचं कोडं सुटलं.

पण ही गोष्ट लिहिताना सोडू नका, कारण वेगाबरोबर आवाजाची पट्टीही चढते, अर्ध्या स्वराहून किंचित कमी. काही डिस्कवर ती परत खाली आणलेली असते, बऱ्याचवर नसते. साध्या संवादात कळणारही नाही, पण या सिनेमात किल्मर स्वतः गायलाय. एक गाणं दोन्ही डिस्कवर लागोपाठ लावून बघा, जुनीवर तो थोडा कोवळा आणि घाईत वाटला तर समजा की इतकी वर्षं तुम्ही त्याचा खरा आवाज ऐकलेलाच नाही.

दाण्यांबद्दल. ती फिल्मची जात आहे, फिल्मवरचं चित्र मुळात कणांचंच बनलेलं असतं, आणि अंधाऱ्या सीनमधे ते जास्त उठून दिसतात. डीव्हीडीत वरून खाली ५७६ ओळी, एवढ्यात बारीक कण मावतच नाहीत, म्हणून ती तुम्हाला गुळगुळीत वाटली. हाय डेफिनिशनला १०८० ओळी मिळतात आणि कण दिसायला लागतात. उलट मी तर ते दिसले नाहीत तर घाबरतो. कंपनीनं सॉफ्टवेअर लावून कण पुसले की त्याबरोबर कातडीचा पोत, कोटाची वीण, भिंतीचा खडबडीतपणा पण पुसला जातो आणि माणसं मेणाची दिसायला लागतात. मुंग्यांसारखे स्वतंत्र हलणारे कण असतील तर ती फिल्म, आणि चौकोनी ठिपक्यांचे तुकडे एकाच जागी थरथरत असतील तर ती डिस्कची चूक. टीव्हीच्या जवळ जाऊन पॉज करून बघा, फरक लगेच कळतो.

मऊ शॉटचंही असंच. १९८४ मधे दोन चित्रं जोडायची तर फिल्मवरून परत फिल्म छापावी लागायची, आणि प्रत्येक छपाईत थोडा तपशील जायचा. अक्षरं चढवायची तरी तेच. त्यामुळे मऊपणा बरोबर कटला, म्हणजे शॉट बदलतो तिथे, सुरू होऊन पुढच्या कटला संपत असेल तर तो निगेटिव्हमधेच आहे, त्याचे मार्क कापू नका.

कोपऱ्यातली_गंमत

मास्तरांचं सगळं बरोबर आहे पण ते कुठल्याही जुन्या सिनेमाला लागू पडेल. शेवटची_रांग, तुमचा शेवटचा प्रश्न खरा प्रश्न आहे. माझ्या मते विडंबनाची डिस्क विनोदावरूनच जोखायची, म्हणजे प्रत्येक विनोद कशावर उभा आहे ते बघायचं आणि मग ती गोष्ट डिस्कवर शाबूत आहे का ते तपासायचं.

तो टेलिफोनचा शॉट घ्या. पुढ्यात भलामोठा टेलिफोन, मागे लांबवर अधिकारी. आपण मनात म्हणतो कॅमेऱ्याच्या जवळ ठेवलाय म्हणून मोठा दिसतोय, असले शॉट हेरपटात ढीगभर बघितलेले असतात. मग तो अधिकारी चालत येतो, रिसीव्हर उचलतो, आणि तो खरंच तेवढा मोठा असतो! आता हा विनोद चालायला काय लागतं? पुढचा टेलिफोन आणि मागची खोली दोन्ही एका सलग जागेत आहेत असं डोळ्याला पटायला लागतं. चित्र चेपलेलं असेल, काळा रंग एवढा गडद केला असेल की मागची खोली बुडाली, तर विनोद कळतो पण फसगत होत नाही. आणि इथे फसगत झाल्याशिवाय हसू नाही.

दुसरी गोष्ट चौकट. हा सिनेमा १.८५ रुंदीचा, म्हणजे उंचीच्या १.८५ पट रुंद. जुन्या चौकोनी टीव्हीसाठी तो बाजूनं कापला तर रुंदीचा साधारण २८ टक्के भाग जातो, आणि जे सिनेमे २.३५ चे असतात त्यांचा तर ४३ टक्के. गंभीर सिनेमात कडेला बहुतेक वेळा भिंत नाहीतर झाड असतं, गेलं तर गेलं. विडंबनात कडेलाच गंमत ठेवलेली असते, पुढे दोघं तोंड पाडून गंभीर बोलतायत आणि मागे कोपऱ्यात काहीतरी अशक्य चाललंय. शेतातली ती बूट घातलेली गाय एका पायानं कमी दिसली तर काय उरलं?

कधी कधी उलटाही घोळ होतो, कापण्याऐवजी वरचा खालचा झाकलेला भाग उघडून चौकोन भरतात. जास्त दिसतंय म्हणून लोक खूष होतात पण ते दाखवायचं नव्हतंच. १९९७ च्या पहिल्या ऑस्टिन पॉवर्समधे, तेही हेरपटांचं विडंबनच, शेवटाकडे हॉटेलच्या खोलीतला सीन आठवतो का, ज्यात उघड्या अंगांपुढे बरोबर वेळेला एकेक वस्तू येत राहते? तो अख्खा सीन चौकटीच्या कडेवर तोललेला आहे. वर खाली चार बोटं जास्त उघडली तर झाकण्यासारखं काही राहिलंच नाही किंवा भलतंच दिसलं.

मुद्दाम खोटं दिसण्याबद्दल एकच सांगते. २००६ चा फ्रेंच 'ओएसएस ११७' बघा, कथा १९५५ च्या कैरोतली. गाडी चालवतानाचे सीन मुद्दाम मागे पडदा लावून केलेत, जुन्या सिनेमात करायचे तसे. मागचा रस्ता मऊ आणि पुढचा माणूस कातीव, हीच तर नक्कल आहे. एखाद्या शहाण्यानं मशीन लावून दोन्ही सारखं धारदार केलं तर विनोद मेला. चांगली डिस्क खोटेपणा जसाच्या तसा ठेवते.

कानसेन

चित्रावर एवढं झालं, आवाजावर कोणीच बोललं नाही म्हणून लिहितोय. असल्या सिनेमात पार्श्वसंगीत पूर्ण गंभीर असतं, टॉप सीक्रेटला तर मॉरिस जारचं संगीत आहे, जो भव्य युद्धपटांचा माणूस. ते संगीत खऱ्या हेरपटासारखं छाती फुगवून वाजलं पाहिजे, तरच समोरचा वेडेपणा दुप्पट लागतो. पण म्हणून नवीन ५.१ मिक्स, म्हणजे अनेक स्पीकरसाठीचा आवाज, बनवताना धमाके आणि वाद्यं इतकी वर आणतात की हळू आवाजात टाकलेली वाक्यं खाली जातात. रिमोटवर सारखा आवाज वर खाली करावा लागत असेल तर आवाजाचे मार्क कापा, सरळ. मूळ स्टिरिओ ट्रॅक दिलाय का बघा, मी तोच लावतो.

आणि सबटायटल!! याबद्दल मला फार तळमळीनं बोलायचंय कारण ऐकायला कमी येणारी माणसं माझ्या घरात आहेत आणि त्यांच्यासाठी सबटायटल म्हणजेच आवाज. बहुतेक डिस्कवर वाक्य सुरू झालं की अख्खी ओळ एकदम पडद्यावर येते, म्हणजे नट थांबून, श्वास घेऊन शेवटचा शब्द टाकायच्या आधीच वाचणारा हसून मोकळा होतो, किंवा हसतच नाही. नीट करणारे लोक तिथे ओळ तोडतात, शेवटचा शब्द स्वतंत्र आणतात. थोड्या जास्त मेहनतीचा प्रश्न आहे फक्त. पाच सहा विनोद निवडा, आवाज बंद करा आणि वाचत बघा, लगेच कळेल.

टॉप सीक्रेटमधे अजून एक जागा तपासा. स्वीडिश पुस्तकाच्या दुकानाचा सीन, तिथे पडद्यावर येणारं भाषांतर हा सिनेमाचाच भाग आहे. सबटायटल बंद ठेवून बघितलं तर ते येतं का, आणि चालू ठेवलं तर दोन ओळी एकमेकींवर चढतात का, दोन्ही बघा. आमच्याकडे दुसऱ्या एका सिनेमाच्या डिस्कवर परक्या भाषेतल्या सीनचं भाषांतरच गायब होतं, दहा मिनिटं सगळे शांत बसले होते, विनोद आहे हेच कोणाला कळलं नाही.

पडद्यामागे

मला वरच्या सगळ्यांशी थोडं भांडायचंय. चित्र आवाज ठीकठाक असेल तर विनोदी सिनेमा हसवतोच हो. आपण सगळे खराब कॅसेटवर बघूनच याच्या प्रेमात पडलो ना? पहिला ऑस्टिन पॉवर्स थिएटरात बरा चालला, अमेरिकेत अख्ख्या मुक्कामात सुमारे ५.४ कोटी डॉलर, मग लोकांनी तो घरी बघितला, परत परत बघितला, एकमेकांना दाखवला, आणि १९९९ ला दुसरा भाग आला तर त्यानं पहिल्या तीन दिवसांतच त्याहून जास्त केले. घरी बघणाऱ्यांनी केलेली किमया आहे ती, आणि तेव्हा कॅसेटीच जास्त होत्या.

म्हणून माझ्या लेखी डिस्कची खरी किंमत सोबत काय दिलंय त्यात. ऑस्टिन पॉवर्सचे कापलेले सीन बघा. रोड रोलर अत्यंत सावकाश येतोय आणि तो पहारेकरी बाजूला व्हायचं सोडून नुसता ओरडतोय, ते सगळ्यांना माहितीये. कापलेल्या भागात त्याच्या घरी बायकोला बातमीचा फोन येतो. हेरपटात नायक किती हस्तक मारतो आणि आपण एकाचंही नाव विचारत नाही, हे एका छोट्या सीननं माझ्या डोक्यात कायमचं बसवलं. तो सीन डिस्कवर नसता तर मला कुठून मिळाला असता?

टॉप सीक्रेटच्या डीव्हीडीवर झकर बंधू आणि जिम एब्रहम्स या तिन्ही दिग्दर्शकांची कॉमेंट्री आहे, म्हणजे सिनेमा चालू असताना ते त्यावर बोलतात. नव्या डिस्कवर ती आणलीये का हे पहिल्या परिच्छेदात लिहा. जुन्या डिस्कवर असलेली गोष्ट नव्यावर गाळली असेल तर जुनी देऊन टाकणारा माणूस फसतो, त्याला वेळेत सांगणारा कोणीतरी पाहिजे.

शेवटची_रांग

सगळ्यांचे खूप खूप आभार, काल रात्री तुमचं सगळं घेऊन परत बसलो.

मास्तर, गाणं लावलं, तुम्ही म्हणता तसंच निघालं. जुनीवर किल्मर कोवळा वाटतो. पंधरा वर्षं मी तोच आवाज खरा धरून चाललो होतो, जरा वाईटच वाटलं.

मऊ शॉट मोजले, सगळे कटला सुरू होऊन कटला संपतात. ते मार्क परत दिले. पाण्याखालची ती दारूच्या गुत्त्यातली मारामारी मुद्दाम तपासली, बुडबुडे, गढूळ निळं पाणी आणि सगळं सतत हलतंय, डिस्कवर डेटा कमी दिला असेल तर इथेच लपत नाही. जुनीवर पाण्यात पायऱ्या पायऱ्या दिसतात, निळ्याचे पट्टे, आणि बुडबुड्यांभोवती चौकोन. नवीवर पाणी पाण्यासारखं आहे आणि मागच्या टेबलावरची माणसं काय करतायत ते मी पहिल्यांदा नीट बघितलं.

कानसेन, सबटायटलला मात्र मी कमी मार्क देणार. ओळी अख्ख्या येतात, सहापैकी चार विनोद आधीच फुटले. हे मी एकट्यानं बघताना कधीच लक्षात घेतलं नव्हतं. पडद्यामागे, कॉमेंट्रीची गोष्ट पहिल्या परिच्छेदात टाकतोय.

आणि एक सांगायचं राहिलं. पुस्तकाच्या दुकानाचा सीन त्यांनी उलटा करून चित्रित केला आणि मग फिल्म उलटी फिरवली, म्हणून बोलणं कुठल्यातरी परक्या भाषेसारखं लागतं. हे माहीत होतं मला. पण काल कोपऱ्यातली_गंमत यांचं 'विनोद कशावर उभा आहे ते बघायचं' वाचून मी तो सीन रिमोटवरून मागे मागे नेत बघितला. जुनीवर तसं करताना चित्र उड्या मारतं, काही कळत नाही. नवीवर एकेक फ्रेम मागे जाता आलं. फळीवर अलगद जाऊन बसलेली पुस्तकं खाली यायला लागली, खांबावर सरसर वर गेलेला किल्मर खाली घसरला, आणि दुकानदार झालेल्या पीटर कुशिंगनं तो मोठ्ठा डोळा भिंगामागे लपवला. म्हणजे त्या दिवशी सेटवर ते जसं घडलं तसं. म्हाताऱ्या कुशिंगनं प्रत्येक पाऊल उलटं टाकलंय आणि कुठेही अडखळलेला नाही. तीन वेळा बघितलं, मग घरातल्या सगळ्यांना उठवून दाखवलं.